रेषेबाहेरचे ग्राहक

मागणीचा धडा शिकवून झाला होता आणि डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी रेषा फळ्यावर अजून तशीच होती, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, किंमत वाढली म्हणून ज्याने घेणे सोडून दिले, तो माणूस या रेषेवर पुढे कुठे दिसतो?" मी सांगितले की तो पुढे दिसत नाही, एखाद्या किमतीला जेवढे नग घेतले जातील तेवढेच ही रेषा मोजते. वहीवरची नजर न उचलता तिने पुन्हा विचारले, "म्हणजे त्याची गरज संपली का?" गरज संपली नाही, मागणी संपली, असे मी म्हणाले. उत्तर शास्त्राला धरून होते आणि उत्तरपत्रिकेत कोणी तसेच लिहिले असते तर मी पूर्ण गुण दिले असते. तरीही त्या दिवसापासून ते वाक्य मनात घर करून बसले आहे. गरज शिल्लक असताना मागणी मात्र संपते, ही गोष्ट एका दमात, आवाजात काहीही फरक न पडता बोलता येते, याचेच मला नंतर नवल आणि थोडे दुःखही वाटत राहिले.

अर्थशास्त्राने हा भेद कधी लपवलेला नाही, हे आधी सांगितले पाहिजे. ॲडम स्मिथने १७७६ मध्येच तो स्वच्छ मांडला होता. अगदी गरीब माणसालाही सहा घोड्यांची बग्गी हवीशी वाटेल, पण त्या वाटण्याला परिणामकारक मागणी म्हणता येणार नाही, कारण त्याच्यासाठी म्हणून ती बग्गी बाजारात कधीच येणार नाही, असा त्याचा आशय होता. आजची पाठ्यपुस्तके हेच तीन अटींत सांगतात: इच्छा हवी, ऐपत हवी आणि पैसे मोजण्याची तयारी हवी. तिन्ही जमल्या तर मागणी, एक जरी हुकली तरी नुसती इच्छा. व्याख्या म्हणून यात खोट काढता येत नाही, कारण विक्रेत्याने किती माल आणावा हे केवळ लोकांच्या मनातल्या इच्छांवरून ठरवता येणार नाही. स्मिथचे उदाहरण मात्र सोयीचे आहे. बग्गी न मिळाल्याने कोणाचे काही बिघडत नाही. तिच्या जागी रोज घ्यावे लागणारे औषध ठेवले की तेच वाक्य, व्याकरणाचा एक काना न बदलता, एकदम जड होते.

या रेषेचा इतिहास मला फार आवडतो, कारण ती रेषा एका बैठकीत सुचलेली नाही. फ्रान्समध्ये कूर्नो याने १८३८ मध्ये विक्री ही किमतीवर अवलंबून असते हे गणिताच्या भाषेत लिहिले आणि त्याची वक्ररेषा काढली. त्यानंतर सहा वर्षांनी ड्युपुई या अभियंत्याने, रस्ते, पूल आणि पाणीपुरवठा यांचा समाजाला नेमका किती फायदा होतो हे कसे मोजावे, या प्रश्नातून तोच धागा पुढे नेला. पाण्याचे त्याने केलेले विवेचन आजही ताजे वाटते. पाणी महाग असेल तर माणूस ते पिण्यासाठी आणि अगदी आवश्यक कामांसाठीच घेतो. स्वस्त होत गेले की धुण्यासाठी, मग बागेसाठी आणि शेवटी कारंज्यासाठीही घेतो. म्हणजे एकाच घरात, एकाच नळातून येणाऱ्या पाण्याच्या प्रत्येक जादा मापाची त्या घराला वाटणारी किंमत आधीच्या मापाहून कमी असते. पुढे ज्याला घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत म्हटले गेले त्याचा गाभा इथे आहे, आणि पाण्यावाचून जगता येत नसताना ते स्वस्त का आणि हिऱ्यावाचून काही अडत नसताना तो महाग का, या जुन्या कोड्याची उकलही इथेच आहे. किंमत ठरते ती शेवटच्या मापावरून, पहिल्या मापावरून नाही.

पण रेषा उतरते एवढे कळून भागत नाही; ती किती उतरते हे कळायला हवे. हे मोजमाप इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी दिले. मार्शल यांच्या निधनानंतर अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९२४ मध्ये लिहिलेल्या चरित्रलेखात त्यांच्या पत्नी मेरी मार्शल यांची एक आठवण आहे. १८८१ मध्ये सिसिलीतल्या पालेर्मो शहरी मुक्काम असताना मार्शल घराच्या गच्चीवर, आंघोळीच्या टबाच्या झाकणाच्या सावलीत बसले होते, तिथे त्यांना लवचिकतेची कल्पना सुचली आणि ते अतिशय खूश झाले. मेरी मार्शल स्वतः अर्थशास्त्रज्ञ होत्या, त्यामुळे त्या आनंदाचे कारण त्यांना नेमके कळले असणार. मला त्या गच्चीची पुष्कळदा आठवण होते. आजारपणामुळे हवापालटासाठी आलेला एक माणूस दक्षिणेच्या उन्हात बसला आहे आणि त्याच्या मनात जगातल्या सगळ्या वस्तूंना लावता येईल अशी एकच पट्टी तयार होत आहे. किमतीत एक टक्का बदल झाला तर मागणीत किती टक्के बदल होतो, एवढाच तो प्रश्न. टक्केवारीत विचारल्यामुळे किलो, लिटर, मीटर, नाणे हे सगळे गळून पडते आणि मीठ व मोटारगाडी एका रांगेत उभी करता येतात. १८९० मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथातून ही पट्टी सगळीकडे पोहोचली.

विद्यार्थी इथे हमखास अडखळतात ते रेषेचा उतार आणि लवचिकता या दोन गोष्टी एकच मानल्यामुळे. म्हणून मी एक अगदी साधे समीकरण घेते: मागणी म्हणजे १०० वजा किंमत. किंमत ८० असेल तर मागणी २०, किंमत ५० असेल तर मागणी ५० आणि किंमत २० असेल तर मागणी ८०. रेषा अगदी सरळ आहे आणि तिचा उतार कुठेच बदलत नाही. किंमत एकाने वाढली की मागणी एकाने घटते. पण ८० वर एकाची वाढ म्हणजे सव्वा टक्का, आणि २० नगांतून एक कमी होणे म्हणजे ५ टक्के. तिथे लवचिकता ४ आहे. मध्यावर ती बरोबर १ आहे. २० किमतीच्या ठिकाणी एकाची वाढ ५ टक्क्यांची होते आणि ८० नगांतून एक नग गेल्याने मागणी फक्त सव्वा टक्का घटते. तिथे लवचिकता पाव. एकाच सरळ रेषेवर वर चंचल, खाली निश्चल. विक्रेत्याचा गल्ला पाहिला तर ८० ला १६००, ५० ला २५०० आणि २० ला पुन्हा १६००. वरच्या टोकाला किंमत उतरवली की गल्ला वाढतो, खालच्या टोकाला तीच उतरवली तर घटतो. हा हिशोब फळ्यावर पुरा होतो तेव्हा वर्गात जी हालचाल होते ती मला आजही सुखावते. अमुक वस्तू लवचिक आणि तमुक अलवचिक अशी पाठ केलेली यादी त्या क्षणी सैल पडते. लवचिकता वस्तूला चिकटलेली नसते. आपण रेषेवर कुठे उभे आहोत यावर ती ठरते.

मार्शल यांच्या कितीतरी आधी, १६९९ मध्ये, चार्ल्स डॅव्हेनंट यांनी इंग्लंडमधील धान्याबद्दल एक छोटा तक्ता प्रसिद्ध केला होता. तो ग्रेगरी किंग यांच्या नावाने ओळखला जातो. पीक एक दशांशाने घटले तर भाव नेहमीपेक्षा तीन दशांशाने चढतो, दोन दशांशाने घटले तर आठ दशांशाने, तीन दशांशाने घटले तर सोळा दशांशाने, आणि निम्मे पीक गेले तर भाव साडेपाचपट होतो. त्या काळच्या इंग्लंडच्या आकडेवारीवर किती विसंबायचे याविषयी अभ्यासकांत मतभेद होऊ शकतील, पण तक्त्याचा आकार विलक्षण बोलका आहे. पीक एक दशांशाने घटले तर एकूण विक्रीची रक्कम कमी होण्याऐवजी १७ टक्क्यांनी वाढते. निम्मे पीक गेले तर ती पावणेतीनपट होते. याची दुसरी बाजू अशी की भरघोस पीक आले की सगळ्या शेतकऱ्यांचे मिळून उत्पन्न घटते, आणि सुगीचा आनंद व भाव कोसळल्याची चिंता एकाच खळ्यावर येतात. एवढे बहुतेक पुस्तके सांगतात. त्यांत क्वचितच सांगितलेली गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. धान्याची मागणी अलवचिक आहे, म्हणजे भाव चढला तरी लोक घेतच राहतात, असे आपण म्हणतो. पण निम्मे धान्य मुळात उगवलेलेच नाही. म्हणजे एकूण खाणे निम्म्यावर यायलाच हवे, त्याला दुसरा उपाय नाही. मग भाव साडेपाचपट चढतो याचा अर्थ काय? पुरेशी माणसे घेण्याचे थांबेपर्यंत तो चढतच राहतो. ज्यांना थांबायचे नाही अशांना थांबवण्यासाठी भाव इतका वर जावा लागतो.

आणि आधी थांबतात ते ऐपत संपलेले.

मागणी किती लवचिक असेल याची कारणे पुस्तकात क्रमाने दिलेली असतात: पर्यायी वस्तू आहेत का, खर्चात त्या वस्तूचा वाटा किती, ती गरजेची की चैनीची, सवयीची आहे का, आणि जुळवून घ्यायला वेळ किती. मला ही सगळी कारणे एकाच प्रश्नाची रूपे वाटतात, आणि तो प्रश्न म्हणजे ग्राहकासमोर सुटकेच्या वाटा किती आहेत. त्यात वेळेचे कारण सर्वांत कमी समजावून सांगितले जाते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल उत्पादक देशांनी निर्यातबंदी जाहीर केली आणि कच्च्या तेलाचा भाव बॅरलला सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांतच १२ डॉलरच्या आसपास गेला. त्या हिवाळ्यात माणसे करून करून काय करणार होती? गाडी होती तीच होती, घर कामापासून जेवढे लांब होते तेवढेच लांब होते, आणि घर उबदार ठेवणारी तळघरातली भट्टी तेलावरच चालत होती. मागणी जेमतेम हलली. पण वर्षे गेली तशा गाड्या लहान झाल्या, घरांच्या भिंतींत उष्णतारोधक थर आले, वीजकेंद्रे कोळशाकडे आणि अणुशक्तीकडे वळली. अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा करून नव्या गाड्यांनी १९८५ पर्यंत गॅलनमागे सरासरी २७.५ मैल धावले पाहिजे असे उद्दिष्ट घातले. दीर्घकाळात मागणी लवचिक निघाली. मात्र जुनी गाडी विकून नवी घेणे, भिंती दुरुस्त करणे, कामाजवळ घर पाहणे या सगळ्याला आधी भांडवल लागते. ज्याच्याजवळ ते आहे त्याचा दीर्घकाळ दोन वर्षांत येतो. ज्याच्याजवळ नाही त्याला तो कित्येकदा लाभतच नाही. लवचिकतेचे हे अंग आकृतीत दाखवता येत नाही, म्हणून शिकवताना मी तिथे मुद्दाम थांबते.

ही रेषा कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही, हेही इथे सांगायला हवे. बाजारात दिसतो तो फक्त एक बिंदू: आज या भावाला इतका माल खपला. उद्या दुसरा बिंदू दिसेल, पण तोवर पुरवठाही बदललेला असेल आणि लोकांची ऐपत किंवा आवडही. १९१४ मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हेन्री मूर यांनी कच्च्या लोखंडाच्या आकडेवारीतून मागणीची रेषा काढली तेव्हा ती चक्क वर चढणारी निघाली. १९२७ मध्ये एल्मर वर्किंग यांनी त्याचे मर्म उलगडले: मागणीच सरकत असेल आणि पुरवठा जागचा हलत नसेल, तर जोडलेल्या बिंदूंतून पुरवठ्याची रेषा उमटते. पुढच्याच वर्षी फिलिप राइट यांनी एका पुस्तकाच्या परिशिष्टात वाट दाखवली. मागणीला स्पर्श न करता केवळ पुरवठा हलवणारे काही तरी शोधा, उदाहरणार्थ जवसाचे एकरी उत्पादन कमीजास्त करणारे हवामान, आणि त्याच्या आधाराने मागणीची रेषा उजेडात आणा. आज ज्या तंत्रांवर अर्धे प्रयोगनिष्ठ अर्थशास्त्र उभे आहे त्यांतले एक असे परिशिष्टात जन्मले. या इतिहासाने मला एक सावधपणा दिला आहे. कोणी लवचिकतेचा आकडा सांगितला की तो कोणाच्या खरेदीतून, कोणत्या काळात आणि काय हलल्यामुळे मिळाला, हे विचारल्याशिवाय मी तो वहीत उतरवत नाही.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाच्या जवळ जाता येते. पूर्णपणे अलवचिक मागणीचे, म्हणजे सरळ उभ्या रेषेचे उदाहरण म्हणून इन्सुलिनचे नाव पुस्तकांत वारंवार येते. युक्तिवाद सरळ आहे: ज्याला ते लागते त्याला ते लागतेच, किंमत काहीही असो. इन्सुलिनच्या शोधात सहभागी असलेल्या बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ मध्ये त्याचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला देऊन टाकले, तेव्हा अशा वस्तूवर एखाद्याची मक्तेदारी आली तर काय होईल याची त्यांना जाणीव होती. आता दुसरा आकडा पाहावा. अमेरिकेतील येल येथील मधुमेह केंद्रातल्या रुग्णांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. खर्चामुळे सांगितलेल्या मात्रेपेक्षा कमी इन्सुलिन वापरल्याचे चारांपैकी एका रुग्णाने सांगितले होते. म्हणजे उभी रेषा उभी नव्हती. ती ज्यांच्याजवळ पैसे किंवा विमा होता त्यांच्यापुरती उभी होती. बाकीच्यांच्या बाबतीत ती वाकली होती आणि त्या वाकण्याचा मोबदला त्यांनी शरीराने दिला. अत्यावश्यक वस्तूची मागणी अलवचिक असते, हे विधान त्यामुळे अर्धेच खरे ठरते. ऐपत असेल तोवर ती अलवचिक असते. ऐपतीची कड आली की जगातली सर्वांत आवश्यक वस्तूही चैनीच्या वस्तूसारखी वागू लागते. मार्शल यांना हे दिसले होते. जी किंमत गरिबाला जवळजवळ मनाई केल्यासारखी असते ती श्रीमंताला जाणवतही नाही, असे त्यांनी लवचिकतेच्याच प्रकरणात लिहिले आहे आणि प्रत्येक वर्गाची रेषा वेगळी काढून पाहण्याचा आग्रह धरला आहे. आपण त्या सगळ्या रेषांची बेरीज करतो आणि बेरजेलाच बाजाराची मागणी म्हणतो. बेरजेत श्रीमंताचे न हलणे आणि गरिबाचे गळून पडणे एकत्र होते, आणि मधला एक आकडा हाती येतो जो दोघांपैकी कोणाचाच नसतो.

आफ्रिकेतील केनियात झालेल्या दोन प्रयोगांनी हे आणखी बारकाईने दाखवले. मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळेतल्या मुलांना जंतनाशक औषध मोफत दिले जात होते तिथे ७५ टक्के मुलांनी ते घेतले. जिथे पालकांकडून थोडे शुल्क घेतले गेले तिथे हे प्रमाण १८ टक्क्यांवर आले. जेसिका कोहेन आणि पास्कालिन ड्युपास यांनी २०१० मध्ये गर्भवती स्त्रियांसाठीच्या दवाखान्यांत मलेरियापासून संरक्षण देणाऱ्या मच्छरदाण्यांविषयी असेच पाहिले: किंमत शून्यावरून ०.६० डॉलर होताच घेणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्केबिंदूंनी घसरले. पैसे मोजून घेतलेली वस्तू माणूस जपून वापरतो, फुकटची टाकून देतो, हा समज तोवर धोरणांमध्ये चांगला रुजलेला होता; पण मोफत मिळालेली मच्छरदाणी कमी वापरली जाते असे या अभ्यासात आढळले नाही. २००७ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने मच्छरदाण्या मोफत किंवा भरपूर अनुदान देऊन वाटाव्यात अशी भूमिका घेतली होती. हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ पुढचे पान उलटले नाही. ७५ आणि १८ यांच्या मधली ती ५७ टक्के मुले. त्यांच्या पोटातले जंत शुल्क आकारल्यामुळे कमी झाले नव्हते. बाजाराच्या नोंदवहीत मात्र त्यांची नोंद "मागणी नाही" अशीच झाली असती.

किंमत वाढली की मागणी घटते या नियमाला गिफेन यांच्या नावाने ओळखला जाणारा अपवादही ऐपतीच्या याच कडेवरचा आहे. सर रॉबर्ट गिफेन यांचा हवाला देऊन मार्शल यांनी लिहिले होते की पाव महागला की अतिगरीब कुटुंबे उलट अधिक पाव घेतात, कारण त्याहून महाग असलेले मांस त्यांना सोडावेच लागते. शंभराहून अधिक वर्षे हा अपवाद बहुतेकांना पुस्तकी वाटत होता. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी चीनच्या हुनान प्रांतात गरीब कुटुंबांना तांदळासाठी अनुदान दिले आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: तांदूळ स्वस्त झाल्यावर त्या कुटुंबांनी तो कमी खाल्ला. उरलेल्या पैशांतून ताटात दुसरे काही तरी आले. यात मागणीचा नियम मोडला याचे कौतुक पुष्कळ झाले. मला त्यातला माणूस महत्त्वाचा वाटतो. दारिद्र्याच्या एका टप्प्यावर किंमत आणि मिळकत या वेगळ्या गोष्टी राहतच नाहीत. किंमत थोडी उतरली की त्या घराला पगारवाढ झाल्यासारखे होते आणि ते घर पहिल्यांदा निवड करू लागते.

निवड करता येणाऱ्यांवर विक्रेत्यांचे बारीक लक्ष असते, हे वेगळे सांगायला नको. विमान कंपन्यांनी फार पूर्वीच ओळखले की तातडीच्या कामासाठी निघालेल्याला पर्याय नसतो आणि सहलीला निघालेला तारीख बदलू शकतो. म्हणून परतीच्या प्रवासाआधी शनिवारची रात्र मुक्काम करणाऱ्यालाच स्वस्त तिकीट देऊन त्यांनी एकाच विमानात, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर, दोन वेगळ्या किमती बसवल्या. आता हेच काम संगणक प्रत्येक ग्राहकासाठी वेगळे करू पाहतो. यात सगळेच वाईट आहे असे मी मानत नाही. गरीब देशांना औषधे कमी किमतीत देणे ही याच तत्त्वाची चांगली बाजू आहे, आणि एकाच किमतीचा हट्ट धरला तर कित्येकांना ती वस्तू कधीच मिळणार नाही. पण ज्याच्यापुढे वाट नाही त्याला हेरून त्याच्याकडून अधिक घेणे आणि ज्याची ऐपत नाही त्याला ओळखून त्याच्याकडून कमी घेणे या दोन्ही गोष्टी त्याच पट्टीने मोजल्या जातात, आणि पट्टीला त्यांतला फरक कळत नाही.

मोफत द्यायचे तर खर्च कोणीतरी करतोच, आणि तो करातून येतो. म्हणून हा विचार फिरून केंब्रिजचे तरुण गणितज्ञ फ्रँक रॅम्झी यांच्यापाशी येतो. अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी घातलेल्या एका प्रश्नावर रॅम्झी यांनी १९२७ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, एक निबंध लिहिला. तीन वर्षांत ते गेलेही. सरकारला ठरावीक रक्कम उभारायची आहे, तर कोणत्या वस्तूवर किती कर लावला म्हणजे लोकांचे एकूण नुकसान सर्वांत कमी होईल? साध्या रूपात उत्तर असे की ज्या वस्तूंची मागणी कमी लवचिक त्यांवर अधिक कर लावावा, कारण तिथे लोक आपले वागणे फारसे बदलत नाहीत आणि कर हुकवण्यासाठी केलेल्या उलाढालीत संपत्ती वाया जात नाही. गणित निर्दोष आहे आणि सुंदरही. पण त्याचे सरळ भाषांतर करून पाहिले तर ते सांगते: जे पळू शकत नाहीत त्यांच्याकडून घ्या. रॅम्झी यांनी स्वतः निबंधाच्या आरंभीच स्पष्ट केले होते की पैशाची किंमत वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळी असते हा प्रश्न आपण पूर्णपणे बाजूला ठेवत आहोत. त्यांचा निष्कर्ष पुढे सगळीकडे सांगितला गेला; त्याच्या आधीचे हे वाक्य तितक्या वेळा सांगितले गेले नाही.

उलट टोकाचा अनुभव अमेरिकेने घेतला. १९९० मध्ये तिथे चैनीच्या वस्तूंवर कर लावणारा कायदा झाला आणि १९९१ पासून १ लाख डॉलरपेक्षा महाग नौकांच्या वरच्या रकमेवर १० टक्के आकारणी सुरू झाली. श्रीमंतांकडून घ्यायचे हा हेतू सरळ होता. परंतु श्रीमंतांपुढे वाटा भरपूर होत्या. त्यांनी खरेदी पुढे ढकलली, जुनी नौका घेतली, किंवा पैसा दुसरीकडे वळवला. मंदीही त्याच सुमारास आली होती, त्यामुळे सगळा दोष करावर टाकता येत नाही, तरी नौका बांधणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या आणि १९९३ मध्ये तो कर मागे घेण्यात आला. कर कोणाच्या नावावर लिहिला आहे याला अर्थ नसतो. ज्या बाजूला हलता येत नाही त्या बाजूला तो जाऊन बसतो. नौका घेणाऱ्याला दुसरा छंद होता, नौका बांधणाऱ्या सुताराला दुसरे कौशल्य नव्हते.

रॅम्झी यांनी बाजूला ठेवलेला प्रश्न अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ पीटर डायमंड यांनी १९७५ मध्ये सूत्रात परत आणला. त्यांच्या मांडणीत प्रत्येक माणसाच्या खिशातल्या एका रुपयाला समाज किती महत्त्व देतो याचे एक वजन असते, आणि ते वजन गरिबाच्या बाबतीत अधिक धरले तर गरिबाच्या खर्चात मोठा वाटा असलेल्या वस्तूवर, तिची मागणी कितीही अलवचिक असली तरी, कर कमी ठेवणे योग्य ठरते. ते वजन कुठल्याही विक्रीच्या आकड्यातून काढता येत नाही. ते ठरवावे लागते, आणि वेगवेगळ्या देशांनी ते वेगवेगळे ठरवले आहे. ब्रिटनने १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आणला तेव्हा बहुतेक खाद्यपदार्थ आणि लहान मुलांचे कपडे शून्य दरात ठेवले. डेन्मार्कने १९९२ पासून २५ टक्क्यांचा एकच दर ठेवला, अन्नालाही तोच लावला, आणि कमी उत्पन्न असलेल्यांकडे पैसा परत पोहोचवण्याचे काम भत्ते व सेवा यांच्यावर सोपवले. ब्रिटनच्या पद्धतीत सवलतीचा बराच लाभ जास्त खाणाऱ्या, जास्त खरीदणाऱ्या श्रीमंतांनाही मिळतो; डेन्मार्कच्या पद्धतीत परत येणारा पैसा एक महिना जरी उशिरा आला तरी तो महिना गरिबाला काढावा लागतो. जिथे शासनाला आपल्या प्रत्येक गरजूचे नाव आणि पत्ता ठाऊक आहे तिथे मला डेन्मार्कची रीत अधिक न्याय्य वाटते. जिथे तो ठाऊक नाही, आणि जगातल्या बहुतेक गरिबांच्या बाबतीत तो अजून नाही, तिथे अन्न आणि औषध करातून वगळावे, महसूल थोडा बुडाला तरी चालेल, असे माझे मत आहे.